गाडी चालू होईना? आधी आवाज ऐका, मग खर्च करा



आपल्या संघातल्या काही गटांनी माल न्यायला जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आहे. भाजी, पापड, मसाले भरून बाजाराला निघायचं आणि नेमकी त्याच दिवशी गाडी चालू होत नाही. मग कुणी म्हणतं बॅटरी गेली, कुणी म्हणतं प्लग बदला. एका गटाने असंच ऐकून नवी बॅटरी बसवली, तरी गाडी चालू झालीच नाही. शेवटी उंदराने कुरतडलेली कॉइलची वायर सापडली. वायर जोडायला किरकोळ खर्च आला, पण बॅटरीचे पैसे गटाच्या खात्यातून गेले ते गेलेच. म्हणून या महिन्याचा पाठ गाडीवर. दुरुस्ती मेकॅनिकच करेल. बिघाड कुठल्या बाजूला आहे, एवढं मात्र आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

इंजिनाला काय लागतं?

गॅसची शेगडी आठवा. गॅस सोडला, पण लायटरची ठिणगी पडली नाही तर ती पेटत नाही. ठिणगी पडली पण टाकीच रिकामी, तरी पेटत नाही. पेट्रोल इंजिनाचं तसंच आहे: हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी. शिवाय इंजिन पहिल्यांदा फिरवायला बॅटरी आणि स्टार्टर लागतो. बॅटरी 12 व्होल्टची असते. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते आणि ती ताकद प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडते. म्हणून इंजिन फिरत असताना प्लगच्या वायरीला कधीही हात लावायचा नाही.

पायरी 1: कान द्या

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चावी फिरवा आणि ऐका.

- काहीच आवाज नाही, किंवा नुसतं ‘टक्’ होतं आणि दिवे मंद होतात: बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोकं सैल आहेत. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर ती साफ करून घ्या. वायर काढताना आधी वजा (−) टोक काढायचं, लावताना ते शेवटी लावायचं. दिवे लख्ख असून नुसतं ‘टक्’ होत असेल, तर स्टार्टर तपासायला सांगा.
- ‘खर्र... खर्र...’ असं रेंगाळत फिरतं: बॅटरी कमजोर आहे. अशी गाडी बहुतेक वेळा धक्क्याने चालू होते.
- जोरात फिरतं, पण पेटत नाही: बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ठीक आहेत. इथे नवी बॅटरी घेऊ नका. दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा आहे. वर सांगितलेल्या गटाची गाडी अशीच फिरत होती.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये थोडं थांबा.

पायरी 2: पेट्रोल पोचतंय का?

काटा बघा. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर करून बघा. मात्र गॅसचा वास येत असेल तर चावी फिरवायचीच नाही. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्यांना दूर न्या. इंजेक्शनच्या गाडीत चावी ‘ऑन’ केली की टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूं’ आवाज येतो. तो पंप. आवाज नसेल तर फ्यूज आणि पंप तपासायला सांगा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर दुसरी चावी लावून बघा. काही गाड्या चावी ओळखली नाही तर चालूच होत नाहीत.

पायरी 3: ठिणगी

ओम्नी, ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ओम्नीला तीन प्लग, ईकोला चार. चावी बंद आणि इंजिन थंड असतानाच बघायचं. वायरी सुटल्यात, चिरल्यात, कुरतडल्यात का? पावसाळ्यात ओल धरली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. टोपी काढताना वायर ओढू नका, टोपी धरून काढा.

मेकॅनिकने प्लग काढले की आपणही बघायचे. फिकट तपकिरी म्हणजे चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट म्हणजे इंजिनचं ऑइल वर येतंय. स्टार्टर मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर पेट्रोल पोचतंय, बहुधा ठिणगी पडत नाही. कोरडा ठक्क निघाला, तर पेट्रोलच पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट. एकच प्लग किंवा एकच वायर खराब असेल तर गाडी सहसा चालू होते, पण झटके देत लंगडत चालते. एकाही प्लगला ठिणगी नसेल, तर सगळे प्लग एकाच दिवशी मेले असं क्वचितच होतं. दोष मुळाशी शोधायचा: फ्यूज, कॉइलकडे येणारी वायर, कॉइल किंवा सेन्सर. अनेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असते. त्यामुळे ‘सगळ्या कॉइल बदला’ असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, ‘दादा, कॉइलपर्यंत करंट येतोय का, ते दाखवा.’

तुमचा पिकअप डिझेलचा असेल तर त्यात ठिणगीचा प्लग नसतोच. काहींत हीटर प्लग असतो, त्याचं काम वेगळं.

पैसे देण्याआधी

काय तपासलं ते विचारा. जुना भाग परत मागा. बिल घ्या, त्यावर भागाचं नाव आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. यात भांडण नाही. पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे, तो कुठे गेला हे विचारायचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे.

पुढच्या बैठकीत करा

1. चालू गाडीचा सुरू होतानाचा आवाज सगळ्यांनी ऐका. चांगला आवाज ओळखीचा झाला की बिघडलेला लगेच कळतो.
2. बॅटरी, फ्यूजचा डबा आणि प्लगच्या वायरी कुठे आहेत, ते ड्रायव्हरकडून दाखवून घ्या.
3. गाडीची वही सुरू करा: तारीख, आवाज कसा होता, पाऊस होता का, काय बदललं, किती खर्च.
4. चर्चा करा: इंजिन जोरात फिरतंय, पंपाचा आवाज येतोय, सगळे प्लग ओले आहेत. मेकॅनिक म्हणतो, बॅटरी बदला. तुम्ही काय विचाराल?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत आपण ती मिळून तपासू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक