नसलेल्या विमानाचा खरा खर्च

एअरबसने ए-३२२ नावाचे विमान आजवर बनवलेले नाही, म्हणूनच ते घरी बनवण्यात मजा आहे. ए-३२० मालिकेतले सर्वांत लांब विमान ए-३२१, लांबी ४४.५१ मीटर. त्याचे धड आणखी पाच मीटर ताणले तर ते कसे दिसेल, हे पाहायचे तर १:१४४ प्रमाणातली दोन प्लॅस्टिक किट आणि एक बारीक करवत पुरते.

आधी पैशांचे बोलू. घरात एकही हत्यार नसेल तर दहा ते बारा हजार रुपये बाजूला ठेवावेत. हत्यारे आणि रंग आधीचे असतील तर सात हजारांच्या आसपास काम भागते. कॉम्प्रेसरसह एअरब्रश घ्यायचा मोह झाला तर त्यात आणखी सहा-आठ हजार मिळवा. हे बजेटचे ढोबळ आकडे आहेत. किटचे भाव दुकानागणिक आणि मालाच्या खेपेगणिक बदलतात, तेव्हा फोन करून विचारल्याशिवाय निघू नका.

मापाचे गणित चुकले तर पैसे पाण्यात

लांब विमान बनवायचे म्हणजे दोन किट मधोमध कापून जोडायची, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे केले की विमान नुसते लांब दिसते, खरे वाटत नाही. खरे विमान ताणताना कारखाना काय करतो, ते पाहावे लागते.

ए-३२० च्या धडात ओळीने गोल फ्रेम असतात आणि दोन फ्रेममधले अंतर २१ इंच, म्हणजे ५३३ मिलिमीटर असते. खिडक्याही याच अंतराने येतात. ए-३२० चे ए-३२१ करताना एअरबसने पंखांच्या पुढे ४.२७ मीटर आणि मागे २.६७ मीटर भर घातली. भागून पाहा: पुढे बरोबर आठ फ्रेम, मागे पाच. आपले काल्पनिक विमानही याच शिस्तीत वाढले पाहिजे.

१:१४४ मध्ये एक फ्रेम म्हणजे ३.७ मिलिमीटर. मी सुचवतो ते पुढे सहा फ्रेम आणि मागे चार. म्हणजे २२.२ आणि १४.८ मिलिमीटरची दोन कडी. विमान ५.३३ मीटरने वाढून ४९.८४ मीटर होते आणि टेबलावर ३४६ मिलिमीटर भरते. पुढे जास्त, मागे कमी हे प्रमाण मोडू नका. मागेच सगळी भर घातली की विमान शेपटीवर बसलेले दिसते.

म्हणून डिजिटल कॅलिपर ही चैन नाही. चार-पाचशे रुपयांत मिळते. करवतीवर मात्र कंजुषी नको. हार्डवेअरच्या दुकानातली हॅक्सॉ ब्लेड जवळपास एक मिलिमीटर प्लॅस्टिक खाते, म्हणजे खिडक्यांमधल्या अंतराचा चौथा हिस्सा भुशात गेला. मॉडेलकामाची पातळ करवत सात-आठशेला पडते आणि पाव मिलिमीटरच्या आसपास खाते. बाकी चाकू, मास्किंग टेप, वॉटर पेपर आणि सरळ रेषेसाठी फूटभर ॲल्युमिनियम अँगल पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळेल. हत्यारांचे सगळे मिळून दोन हजार धरा.

दुसरे किट: वायफळ खर्च की नाही?

खरा वाद इथे आहे. अवघ्या ३७ मिलिमीटर प्लॅस्टिकसाठी अडीच-तीन हजारांचे अख्खे किट का कापायचे?

पर्याय आहेत. प्लॅस्टिकची तयार नळी हा सर्वांत स्वस्त दिसणारा आणि सर्वांत वाईट. ए-३२० चे धड पूर्ण गोल नाही. ते ३.९५ मीटर रुंद आणि ४.१४ मीटर उंच असते, म्हणजे या प्रमाणात रुंदीपेक्षा उंची सव्वा मिलिमीटरहून जास्त. गोल नळी जोडली तर एक तर कुशीला फुगवटा येतो, नाही तर पाठीवर खड्डा. तो भरण्यात पुट्टी आणि रविवार दोन्ही संपतात.

थ्री-डी प्रिंट हा बरा मार्ग आहे. छपाई करून देणारे ग्रॅमवर दर लावतात आणि किमान आकार धरूनही दोन कडी चार-सहाशे रुपयांत व्हायला हरकत नाही. फाइल स्वतः काढता येत असेल तर जरूर करा. फाइल दुसऱ्याकडून काढून घ्यायची तर हिशेब बिघडतो. छपाईचे थर घासून गुळगुळीत करायचे काम वेगळेच. साचा करून रेझिन ओतायचे तर सिलिकॉन आणि रेझिनचा खर्च जवळजवळ दुसऱ्या किटएवढा होतो. चार मित्र मिळून चार विमाने करणार असतील तरच तो परवडतो.

माझे मत दुसऱ्या किटच्या बाजूने, आणि ते भावनेपोटी नाही. ए-३२१ चे किट मुख्य धरा, साधारण तीन-साडेतीन हजारांचे. कडी काढायला त्याच कंपनीचे ए-३२० घ्या. रशियातली झ्वेझ्दा आणि जर्मनीची रेवेल या दोघांचीही या मालिकेतली किट आहेत. पण एकाचे धड दुसऱ्याला जोडू नका. केसाएवढा फरकही रंगाखाली कडेसारखा दिसतो. जुन्या इंजिनाचे की नव्या इंजिनाचे निओ, हा प्रश्न या कडी देणाऱ्या दात्या किटला लागू नाही. धड तेच, म्हणून जे स्वस्त असेल ते उचला. ए-३१९ मात्र टाळा. ते ए-३२० पेक्षा सात फ्रेमनी आखूड असते आणि सरळ भाग कमी पडतो.

या एका खोक्यातून काय काय निघते पाहा. दोन कडी. डिकॅलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावरून दोन्ही बाजूंना लागणाऱ्या जादा दहा-दहा खिडक्या. चार मुख्य चाके, त्यांचा उपयोग पुढे सांगतो. शिवाय कडी काढून उरलेले धड परत जोडले की ३२.२४ मीटरचे आखूड एअरबस तयार होते. खरे ए-३१८ हे ३१.४४ मीटरचे असते, म्हणजे फरक मीटरभरही नाही. चाके दुसरीकडे गेली म्हणून ते उडत्या स्थितीत स्टँडवर लावा. सहा हजारांत दोन विमाने, एक ताणलेले, एक आवळलेले. या हिशेबात दुसरे किट महाग राहत नाही.

कापणे आणि जोडणे

दोन्ही किटची धडे आधी बंद करून, डिंक पूर्ण वाळवून मगच कापा. अर्ध्या-अर्ध्या कवचाला करवत लावली तर कवच वाकते आणि जोडताना विमान केळ्यासारखे होते. कॅलिपरने रुंदी तपासा. जिथे २७.४ मिलिमीटर सलग मिळते तोच सरळ भाग. घाव दोन खिडक्यांच्या बरोबर मध्ये यावा. धडाभोवती जाड टेप गुंडाळली की करवतीला कड मिळते. कडे किंचित मोठे कापा आणि काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर घासत मापाला आणा.

जोडताना धडाचे तुकडे अँगलच्या खाचेत झोपवा, ते आपोआप एका रेषेत येतात. आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा आधार हवा. जुने बँक कार्ड कापून चालते, पण ते पीव्हीसीचे असते. त्याला किटचा पातळ डिंक धरत नाही, फेविक्विकच लावावे लागते. फटींसाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी उत्तम आणि स्वस्त. मोठ्या फटीत फेविक्विकवर खाण्याचा सोडा भुरभुरला की क्षणात दगड होतो. तो लगेच घासा, दुसऱ्या दिवशी तो प्लॅस्टिकपेक्षा कडक झालेला असतो. डिंक-पुट्टीचे सहाशे रुपये.

पुढच्या कड्यावर उजव्या बाजूला सामानाच्या दाराची कोरलेली रेघ येण्याची शक्यता असते. ती बुजवा. नाकात शिशाच्या गोळ्या घालायला विसरू नका आणि त्या धड बंद करण्याआधीच घालायच्या असतात.

चाके, दारे, पंख

लांब विमान उड्डाण घेताना शेपूट धावपट्टीला घासण्याचा धोका वाढतो. डग्लसचे डीसी-८ उंच पायांवर उभे होते, म्हणून साठच्या दशकात ते ताणून ५७ मीटरपर्यंत नेता आले. बोईंग ७०७ चे पाय आखूड, त्यामुळे त्याला ते जमले नाही. आपल्या ए-३२२ चे मुख्य पाय दोन मिलिमीटरने उंच करा, म्हणजे खऱ्या मापात सुमारे २९ सेंटिमीटर.

आणि इथे भारतीय वाचकासाठी एक खास सोय आहे. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए-३२० ताफ्यात आणले, तेव्हा आपल्या धावपट्ट्यांवर भार विभागला जावा म्हणून प्रत्येक मुख्य पायाला दोनऐवजी चार चाके घेतली होती. अशी ए-३२० इतर कुठल्याही कंपनीने मागवली नव्हती. जड झालेल्या ए-३२२ ला तीच चार चाकी बोगी शोभते. दोन किटमधली मुख्य चाके आठ, बोग्या दोन, प्रत्येकी चार चाके. हिशेब जुळतो आणि खर्च शून्य. ए-३२१ ची चाके जरा मोठी असतात, पण या प्रमाणात फरक मिलिमीटरभरही नाही. जवळून न्याहाळणारा पाहुणा असेल तर मोठी चाके आतल्या बाजूला लावा.

दारांचाही विचार करा. निम्मी दारे वापरून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडले पाहिजेत, असा नियम आहे. ए-३२१ निओला जास्तीत जास्त २४४ प्रवाशांची मान्यता आहे. आपण वाढवलेल्या लांबीत ३० इंचांच्या अंतराने सात रांगा, म्हणजे ४२ खुर्च्या बसतात. एवढ्या माणसांसाठी दारांची एक जोडी वाढवणे भाग आहे. दात्याच्या डिकॅलमधून ती मिळते. पंख मात्र ए-३२१ चेच ठेवा. या वर्गाच्या विमानतळी जागांना ३६ मीटरखालचा पंखविस्तार लागतो आणि शार्कलेटसह, म्हणजे टोकाशी वर वळलेल्या पात्यांसह, तो आधीच ३५.८ मीटर आहे.

रंगात खिसा कुठे वाचतो

नाकापासून शेपटीपर्यंत पट्टा असलेला गणवेश निवडलात की किटमधला पट्टा ३७ मिलिमीटरने तोकडा पडतो आणि नवे डिकॅल छापावे लागतात. पांढरे धड आणि रंगीत शेपूट निवडा, निम्मी डोकेदुखी जाते. घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. पांढरी अक्षरे हवी असतील तर पांढऱ्या डिकॅल कागदावर भोवतीचा रंग छापून कापावे लागते. इंकजेटची छपाई असेल तर वार्निशचा हात दिल्याशिवाय पाण्यात बुडवू नका. छपाईसाठी पाच-आठशे पुरतात.

पहिल्या विमानाला एअरब्रश लागत नाही. प्रायमर, पांढरा, राखाडी, शेपटीचा रंग आणि वार्निश असे स्प्रेचे डबे पंधराशे ते दोन हजारांत बसतात. गाड्यांचा स्प्रे वापरणार असाल तर आधी स्प्रूच्या, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यावर मारून पाहा, काही रंग प्लॅस्टिक वितळवतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, दमट हवेत लॅकर पांढुरके पडते. कापाकापी पावसाळ्यात करा आणि रंग दिवाळीनंतर. गॅलरीत, तोंडाला मास्क लावून.

परदेशातून मागवण्याआधी

परदेशी संकेतस्थळावरचा भाव पाहून हुरळू नका. २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क ६० वरून ७० टक्क्यांवर नेले गेले आणि प्रमाणबद्ध मॉडेल खेळण्यांच्याच ९५०३ क्रमांकाखाली मोडतात. शिवाय आयजीएसटी, टपाल आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी आकार. दोन किटसाठी ही उठाठेव परवडत नाही. शुल्क भरून आणलेला माल विकणाऱ्या भारतातल्या दुकानातूनच घ्या. डिंक आणि स्प्रे ज्वलनशील असल्याने हवाई कुरिअरने येत नाहीत, ते शहरातच शोधा.

खोके घरी आले की सगळे भाग सूचनापत्रिकेशी ताडून पाहा आणि बिल जपून ठेवा. एखादा भाग कमी असेल तर तक्रार करवत लावण्याआधी करा, कारण कापलेले किट कुठलाही दुकानदार परत घेत नाही.