रिकामं जाळंही लिहायचं

सुट्टीत ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजातल्या घरी गेलो की आत्या विचारायची, "समुद्रातले मासे मोजता, म्हणजे नेमकं करता काय रे?" सर्वेक्षणाच्या जहाजांवर जे शिकलो, ते तिला सांगत गेलो.

१. मासे मोजत नाही, जाळं किती ओढलं ते मोजतो. तीन नॉट वेगानं तासभर ओढलं की साडेपाच किलोमीटर तळ झाडला जातो. त्याला जाळ्याच्या तोंडाची रुंदी लावली की क्षेत्रफळ निघतं. मासळीचं वजन त्याच्याशी ताडायचं. घड्याळ मात्र जाळं तळाला टेकल्यावरच लावायचं.

२. जागा बदलायची नाही. तांडेल मासळी असेल तिथे जातो, त्याचं घर त्यावर चालतं. आम्ही आधी आखलेल्या ठिकाणीच जातो. सप्टेंबरअखेर रत्नागिरीसमोर एकदा जाळ्यात नुसता चिखल आणि रिकामे शंख आले. मी म्हटलं, जरा पुढे सरकून पुन्हा ओढू. वरिष्ठांनी नोंदवही पुढे केली. "शून्य लिहा." मला ते फार लागलं.

३. जाळ्याआधी पाणी बघायचं. त्याच ठिकाणी सकाळी सीटीडी सोडलं होतं. ते खोलीनुसार तापमान आणि क्षारता टिपतं. सोबतच्या बाटल्यांतलं तळाचं पाणी संध्याकाळी तपासलं, तर त्यात ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. पावसाळा सरताना पश्चिम किनाऱ्यालगत खोलातलं असं पाणी उथळ तळावर चढतं आणि मासळी तिथून निघून जाते. मी जागा बदलली असती, तर हे कुठेच नोंदलं गेलं नसतं. आत्याला हे लगेच पटलं. वाड्यातल्या विहिरीतून पोहरा कोरडा वर आला, की पाणी किती खाली गेलं ते तिला कळायचं.

४. कानातला खडा जपायचा. माशाच्या कानात चुन्याचा बारीक खडा असतो. त्यावरच्या वलयांवरून वय काढतात. मोठ्या वयाचे मासे दिसेनासे झाले, तर जाळं भरलेलं असूनही काळजी करावी.

५. एका फेरीवर बोलू नये. मुंबईत १९४६ साली खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र निघालं, तेच आजचं भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण. तेव्हापासूनच्या नोंदींशेजारी ठेवल्यावरच आजच्या आकड्याला अर्थ येतो.

म्हणून वाचकहो, 'मासळी घटली' किंवा 'वाढली' अशी बातमी वाचाल तेव्हा एवढं जरूर विचारा: कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, किती तास जाळं ओढलं? आणि रिकामी आलेली जाळी त्यात धरली आहेत का?