माड का पडतो, मन का खचते?

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरील माड तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. वादळात एखादा माड उन्मळतो, शेजारचा मात्र उभा राहतो. वारा तर दोघांनाही सारखाच लागतो. मग एकच का पडला? नीट पाहिले तर त्याच्या मुळांखालची वाळू लाटांनी नेलेली असते, किंवा सोंड्या भुंग्याने खोड पोखरलेले असते. वारा हे निमित्त, कारणे अनेक.

कुमारवयातील नैराश्याचेही असेच आहे. गुण कमी पडले म्हणून दोन दिवस वाईट वाटणे म्हणजे नैराश्य नव्हे. उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज टिकते, आवडत्या खेळातही मन रमत नाही, झोप व भूक बिघडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. अशी लक्षणे एकत्र दिसली की डॉक्टर नैराश्याची शंका घेतात.

त्याची काही कारणे शरीरात असतात. आईवडिलांपैकी एकास हा आजार असल्यास मुलांत त्याचा संभव सुमारे दोन-तीन पट वाढतो. पण संभव म्हणजे खात्री नव्हे. वयात आल्यावर मुलींत त्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट आढळते. काही कारणे परिस्थितीत असतात : घरातील मारहाण, जवळच्या माणसाचा मृत्यू, वर्गातील छळ. अपुरी झोप, व्यसन आणि एकटेपणा यांनीही धोका वाढतो.

गोव्यात १२ ते १६ वर्षे वयाच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य, चिंता इत्यादी मानसिक विकार शेकडा दोनांहूनही कमी मुलांत आढळले. अभ्यासातील अडचणी, मारहाण वा शिवीगाळ, परिसरातील असुरक्षितता आणि तंबाखू यांच्याशी या विकारांचा संबंध दिसला. ज्यांना मुख्य आधार घरच्यांचा होता, त्यांच्यात विकार कमी होते.

येथे एक सावधगिरी हवी. संबंध म्हणजे कारण नव्हे. अभ्यास जमत नाही म्हणून मन खचले, की मन खचल्यामुळे अभ्यास जमेनासा झाला? अशा एका पाहणीवरून हे ठरत नाही. म्हणूनच मागे पडलेल्या विद्यार्थ्यास 'आळशी' म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी दुसरी शक्यताही तपासावी.

पदार्थविज्ञानात एका वस्तूवर अनेक बले लागली तर आपण त्यांची परिणामी बल काढतो. मनावरील भार असा आकड्यांत मोजता येत नाही, परंतु तत्त्व उपयोगी आहे. एकच दोषी शोधून आईला, मास्तरांना किंवा त्या मुलालाच बोल लावणे चुकीचे ठरते. शिवाय कारणे अनेक असल्याने उपायांच्या जागाही अनेक असतात. आनुवंशिकता बदलता येत नाही. झोप, छळ, एकटेपणा यांवर मात्र इलाज करता येतो. संवादातून होणारे मानसोपचार आणि गरज पडल्यास औषधे यांनी बहुतेकांना बरे वाटते.

तेव्हा मित्रहो, अशी लक्षणे स्वतःत किंवा मैत्रिणीत, मित्रात दिसली, तर विश्वासाच्या मोठ्या माणसास सांगा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर ते गुपित ठेवू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मोठ्यांना कळवा. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते. रत्नागिरीस शासनाचे मनोरुग्णालयही आहे. मुळाशी वेळीच माती घातली, तर कललेला माडही तग धरतो.