आफ्रिकेतले गुरांचे डॉक्टर
(इयत्ता चौथी)

मी पहिलीत होतो तेव्हा, म्हणजे २०२२ साली, आमच्या गावात लंपी आला. त्याच्या आधी लस टोचायला डॉक्टर आले होते. पण आमचे आजोबा म्हणाले, "सुई टोचली की गाय दूध आटवते. आपल्याला नको." मग आमच्या कपिलीच्या वासराच्या अंगावर गाठी उठल्या. आठ दिवसांनी वासरू गेले. त्या खुंट्याला आजोबा अजून दुसरे जनावर बांधत नाहीत.

यंदा डॉक्टर आले तेव्हा मी विचारले, "हा रोग आला कुठून?" ते म्हणाले, "तो पहिल्यांदा सापडला १९२९ साली, आफ्रिकेतल्या झांबियात. भारतात आला २०१९ साली." मला नवल वाटले. एवढ्या लांब गुरांना कोण बघत असेल? मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला आणि पुष्कळ माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

आफ्रिकेत सरकारी डॉक्टर आहेत. पण खेडी लांब लांब असतात. म्हणून काही ठिकाणी मिशनचे डॉक्टर राहतात. मिशनरी म्हणजे आपल्या धर्माच्या कामासाठी दूरदेशी जाऊन राहणारे लोक. त्यांच्यातले काही शाळा, दवाखाने चालवतात, तर काही गुरांचे डॉक्टर असतात. मिशनचे एक मोठे आवार असते. त्यात शाळा, चर्च, गोठा, शेत आणि राहायची घरे.

डॉक्टरांचा दिवस गोठ्यात सुरू होतो. दूध काढताना पहिल्या धारा काळ्या भांड्यात घेतात. दुधात गुठळ्या दिसल्या तर कासेला रोग झाला असे समजते. आमची आई पण पहिली धार सोडून देते, पण ती जमिनीवर. मग डॉक्टर वासरांचे कान तपासतात. कानच का? तर तिथे तपकिरी गोचीड बसतो. त्याच्यापासून ईस्ट कोस्ट फीवर नावाचा ताप येतो. कानाखालची गाठ सुजते, छातीत पाणी भरते, नाकातून फेस येतो आणि जनावर मरते. म्हणून गुरांना औषधाच्या पाण्याने भरलेल्या खोल चरातून पोहायला लावतात, म्हणजे गोचीड मरतात. आमचा बैल अशा पाण्यात उतरेल असे मला वाटत नाही.

आवारातले विद्यार्थी डॉक्टरांबरोबर फिरतात. सुई कशी धरायची, ताप कसा मोजायचा, अडलेली गाय कशी सोडवायची, हे बघून बघून शिकतात. बायका टोपलीत कोंबड्या घेऊन येतात. आपल्याकडे जिला मानमोडी म्हणतात ती तिकडेही आहे. तिची लस कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकून देतात. मुले कुत्र्यांना दोरी बांधून आणतात. त्यांना पिसाळण्याची लस टोचतात.

सगळ्यात अवघड म्हणजे त्या गोचीड तापाची लस. ती बारीक नळ्यांत भरून शून्याच्या खाली १९६ अंश इतक्या थंड नायट्रोजनमध्ये ठेवतात. एका नळीतली लस पुष्कळ जनावरांना पुरते. पण एकदा बाहेर काढली की काही तासांत संपवावी लागते. लशीत त्या रोगाचेच जिवंत जंतू असतात, म्हणून तिच्याबरोबर दुसरे औषधही टोचावे लागते. टोचून झाले की वासराच्या कानात बिल्ला मारतात.

आता बघा, डॉक्टर जीपमधून नळ्या घेऊन गेले आणि लोकच आले नाहीत तर? सगळे औषध वाया! म्हणून ते आधी जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसतात, बोलतात. केनिया आणि टांझानियात मसाई लोक राहतात. गुरे हीच त्यांची दौलत. माझ्याएवढी पोरे तिथे वासरे आणि शेळ्या चारतात. मसाई माणसाला आपले जनावर लांबूनच ओळखता येते. अशा माणसाला "तुला काही कळत नाही" असे म्हणून कसे चालेल? तो गुरे घेऊन निघूनच जाईल.

गुरुजींनी बुळकांडीची गोष्ट पण सांगितली. ती मला फार आवडली. १८८७ साली इटलीच्या सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग आफ्रिकेत गेला. ती गुरे भारतातून नेली होती असे म्हणतात. दहा वर्षांत रोग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोहोचला. शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे मेली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत आणि भयंकर दुष्काळ पडला. पुढे १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लॉराइट या डॉक्टरांनी केनियातल्या मुगुगा येथे चांगली लस तयार केली. पण ती गार ठेवावी लागे. नंतर उन्हात टिकणारी लस निघाली. मग गुराख्यांनाच टोचायला शिकवले. जिथे जीप जात नाही तिथे ते पायी गेले. शेवटचा रोग २००१ साली केनियात सापडला आणि २०११ साली बुळकांडी जगातून संपली असे जाहीर झाले. माणसांचा देवी रोग सोडला तर असा संपलेला रोग दुसरा नाही.

हे मी रात्री आजोबांना वाचून दाखवले. बुळकांडीचे नाव ऐकून ते उठून बसले. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते की एका हंगामात आमचा सगळा गोठा रिकामा झाला होता. मग म्हणाले, "ते गुराखी स्वतः सुई टोचायचे? शाळा न शिकलेले?" मी म्हणालो, "हो." ते बराच वेळ गप्प होते.

सकाळी डॉक्टर परत आले. आजोबांनी कपिलीची शिंगे धरली आणि मला म्हणाले, "तू मागून शेपूट धर, लई हलते ती."