पुनर्निर्मित चित्रपटाचे परीक्षण : 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'



चित्रपटपरीक्षणाच्या लेखनाचा विचार करताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो. गाजलेल्या जुन्या चित्रपटाची कोणी नव्याने निर्मिती केली, तर तिचे मोल कशावरून ठरवावे? 'मूळ चित्रपटाची सर नाही' हे वाक्य परीक्षणांत सर्रास आढळते. परंतु तो निर्णय झाला, कारण नव्हे. काय बदलले आणि त्या बदलाने अर्थ कोठे सरकला, हे दाखविल्यावाचून तो निर्णय वाचकाला पटणार नाही. येथे आपण एकाच उदाहरणावर थांबणार आहोत.

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल भयपट १९६८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे प्रथम प्रदर्शित झाला. मृतदेह उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि सात माणसे एका शेतघरात अडकतात, एवढेच कथानक. (आजच्या झॉम्बीपटांचा मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही, तेथे 'घूल' हा अरबीतून इंग्रजीत गेलेला शब्द आहे. आपल्या 'झोंबी'शी, म्हणजे झटापटीशी, झॉम्बीचे काहीही नाते नाही.) १९९० मध्ये टॉम सॅव्हिनी यांनी त्याच नावाने रंगीत चित्रपट केला. त्याची पटकथा रोमेरो यांचीच. त्यामुळे मूळ कर्त्याचा हेतू डावलल्याचा नेहमीचा आक्षेप येथे घेता येत नाही, आणि बदलांकडे बदल म्हणूनच पाहावे लागते.

पहिला बदल बार्बराचा. मूळ चित्रपटात भावावर डोळ्यांदेखत हल्ला झाल्यावर ती सुन्न होते आणि बराच काळ कोचावर बसून राहते. १९९० ची बार्बरा बंदूक हाती घेते. ही प्रेते इतकी संथ आहेत की त्यांच्यामधून नुसते चालत निघून जाता येईल, हेही तिच्याच ध्यानात येते, आणि अखेर ती तशी बाहेर पडते. घरात कोंडून घेऊन भांडत बसलेल्या पुरुषांच्या वादाचा फोलपणा या एका निरीक्षणाने उघडा पडतो. नवी कृती येथे जुन्या कृतीची समीक्षाच करते. हा बदल माझ्या मते निःसंशय जमलेला आहे.

खरी कसोटी शेवटाची. १९६८ मध्ये बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. पात्राचा वर्ण संहितेत ठरलेला नव्हता. चाचणीत जोन्स सरस ठरले म्हणून त्यांची निवड झाली, असे रोमेरो सांगत. परंतु चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला जेमतेम सहा महिने होत होते. रात्रभर तगलेला बेन सकाळी खिडकीशी येतो आणि प्रेते टिपत आलेल्या गोऱ्या टोळीतील एक जण त्याला प्रेत समजून गोळी घालतो. त्यानंतर केवळ स्थिरचित्रे : हातांतील आकडे, बेनचा देह, सरण. त्या कृत्यावर चित्रपट एका शब्दानेही भाष्य करीत नाही.

नव्या चित्रपटात टोनी टॉड यांचा बेन तळघरात मरून प्रेत होऊन उठतो. त्याला गोळी घालणे ही आता चूक राहत नाही. म्हणजे मूळ शेवटातला अन्यायच नाहीसा होतो. त्याऐवजी परत आलेली बार्बरा जिवंत असलेल्या हॅरी कूपरला जाणूनबुजून ठार करते आणि त्याचाही देह सरणाकडे पाठवते. कूपर चित्रपटभर इतका तिटकारा यावा असा वागलेला असतो की प्रेक्षकाला क्षणभर बरे वाटते, आणि ते बरे वाटणेच मग टोचू लागते. पूर्वी प्रेक्षक हळहळत होता, आता तो खुनात सामील आहे. हा शेवट दुबळा नाही. मात्र तत्पूर्वी टोळीतील लोक प्रेतांशी क्रूर खेळ करताना पाहून बार्बरा 'ते आणि आपण एकच' अशा आशयाचे वाक्य उच्चारते. जे स्थिरचित्रांनी न बोलता सांगितले होते, ते येथे पात्राच्या तोंडी घातले आहे. भाषेचा अभ्यासक असूनही मला ते वाक्य नको होते.

सरावासाठी : मूळ चित्रपटात तळघरात जाण्यास विरोध करणारा बेन अखेर तळघरातच वाचतो. नव्या चित्रपटात, जिच्याअभावी दोघांचा बळी गेला ती पेट्रोलपंपाची किल्ली त्याला तळघरातच सापडते. या बदलाने बेनच्या व्यक्तिरेखेत काय फरक पडतो, ते १५० शब्दांत लिहा.