हर्पीसचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, आता काय?

‘हर्पीस पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडला की भल्याभल्यांची झोप उडते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न अलीकडे वारंवार दिसू लागला आहे. लग्न ठरल्यावर मनाच्या समाधानासाठी सगळ्या चाचण्या एकदम करून घेणारे तरुण असतात, दोनदा गर्भ पडल्यानंतर ‘टॉर्च’ तपासणी केलेल्या भगिनी असतात, परगावी नोकरी करणारे गृहस्थही असतात. सर्वांची तक्रार एकच. अंगावर फोड नाही, पूर्वी कधी आल्याचे आठवत नाही, मग हे कोठून उपटले? आणि त्यामागे दबलेला दुसरा प्रश्न असतो, कोणाकडून आले?

आधी नावाचा घोळ सोडवू. आपल्याकडे हर्पीस म्हटले की लोकांना नागीण आठवते. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही भीतीही त्याला चिकटून येते. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे आणि विळख्याची गोष्ट निव्वळ खोटी आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘एचएसव्ही’ असे लिहिलेले असते, तो हर्पीस सिम्प्लेक्स हा वेगळा विषाणू. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा लहानपणीच घरच्या मंडळींच्या लाळेतून मिळतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, तो याचाच. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियांवर फोड आणतो. पहिला प्रकारही तेथे फोड आणू शकतो, ही गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात पहिला प्रकार आहे, तर १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांत दुसरा. म्हणजे रिपोर्टवर नुसते ‘एचएसव्ही १ + २ पॉझिटिव्ह’ असे एकत्र छापलेले असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तसा रिपोर्ट माझाही येईल, तुमच्या आजीचाही येईल.

आता चाचणीचे काम कसे चालते ते पाहू. या तपासणीत विषाणू शोधत नाहीत. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ती रक्तात दिसू लागायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. ती सापडली तरी लागण केव्हा झाली, कोणाकडून झाली, शरीराच्या कोणत्या भागाला झाली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘आयजीएम’ आले म्हणजे लागण ताजी, असे रुग्णांना सर्रास सांगितले जाते. तेही खरे नाही. जुन्या लागणीतही आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ते दोन प्रकारांत फरकही करत नाही. माझ्या मते ही चाचणी सांगूच नये.

उरले ‘आयजीजी’. त्यापुढे एक आकडा असतो, तो वाचायला शिका. प्रचलित चाचण्यांपैकी अनेकांत ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधला पट्टा संदिग्ध धरतात. परंतु दुसऱ्या प्रकारासाठी १.१ ते ३ च्या दरम्यानचा आकडा फसवा असतो. त्यांतले पुष्कळ रिपोर्ट खोटे पॉझिटिव्ह ठरतात. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, आकडा ३ पेक्षा कमी असल्यास वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीने खात्री करावी, असे सांगितले आहे. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असेही समजू नका. मोठा आकडा फक्त निदानाची खात्री वाढवतो.

असे का होते, ते हिशेबाने सांगतो. समजा, १००० माणसांत ५० जणांना खरोखर लागण आहे आणि चाचणी दर शंभरांत पाच वेळा चुकते. पन्नासांतले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस पकडले जातील. पण उरलेल्या ९५० निरोगी माणसांतलेही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस विनाकारण पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे हाती कागद घेऊन घाबरलेल्या लोकांत निम्मे बिनलागणीचे! म्हणूनच लक्षणे नसलेल्यांची, गर्भवती स्त्रियांचीही, ही तपासणी सरसकट करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले.

माझ्याकडे एक जोडपे आले होते. टॉर्च रिपोर्टमध्ये तिचे हर्पीस पॉझिटिव्ह, त्याचे निगेटिव्ह. घरात बोलणे बंद झालेले. तो म्हणाला, “डॉक्टर, हिला विचारून विचारून थकलो.” ती खाली मान घालून बसली होती. मी रिपोर्ट पाहिला. दोन्ही प्रकार एकत्र मोजलेले होते, पुढे प्रकारही नव्हता. प्रकारानुसार वेगळी चाचणी केली तेव्हा तिला फक्त पहिला प्रकार निघाला, लहानपणी ओठावर येणारा. वारंवार गर्भ पडण्याचा शोध घेताना टॉर्च तपासणी उपयोगाची नाही, हे अनेक तज्ज्ञ सांगत आले आहेत. तरी ती लिहिली जाते आणि अशा रिपोर्टांपायी संसार पणाला लागतात.

प्रत्येकाची गाठ इतकी सहज सुटत नाही. दुसऱ्या प्रकाराचा आकडा १.८ किंवा २.४ आला, फोड कधी नव्हताच, तर ‘आहे’ की ‘नाही’ हे लगेच सांगता येत नाही. वेस्टर्न ब्लॉट ही अधिक भरवशाची चाचणी अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते, तालुक्याच्या गावी ती कोठून मिळणार? अशा रुग्णांना मी सांगतो की शेवटच्या संबंधानंतर बारा आठवडे होऊ द्या, मग प्रकारानुसार आयजीजी चाचणी, जमल्यास वेगळ्या पद्धतीची, एकदाच करा. दर पंधरा दिवसांनी नव्या लॅबमध्ये रक्त दिल्याने शंका फिटत नाही, खिसा मात्र रिकामा होतो. तसेच रोज आरसा घेऊन अंग तपासू नका. घामोळे, केस खुडल्याची पुळी, काखेतली खाज, सगळेच मग हर्पीस वाटू लागते. फोड किंवा चिरल्यासारखी दुखरी जखम खरोखर उठली, तर मलम न लावता दोन दिवसांच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ताज्या जखमेतील स्राव घेऊन केलेली पीसीआर तपासणी रक्तापेक्षा कितीतरी स्पष्ट उत्तर देते. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्येही अशा आजारांचा सल्ला गुप्तता राखून मिळतो. तेथे एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, कारण दुसऱ्या प्रकाराच्या हर्पीसमुळे त्या लागणीचा धोका वाढतो.

समजा, निदान पक्के झाले. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत कायम राहतो, तो समूळ नाहीसा करणारे औषध नाही. पण ॲसायक्लोव्हीर आणि त्याच्या गटातील औषधांनी फोड लवकर बसतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लागण असलेल्या जोडीदाराने रोज व्हॅलॅसायक्लोव्हीर घेतल्यास दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. निरोधनेही धोका कमी होतो, पुरता जात नाही. फोड असताना संबंध टाळावा. ताट-वाटी वेगळी करण्याची, संडास धुऊन काढण्याची मात्र काहीही गरज नाही.

जोडीदाराला सांगावे का? निदान पक्के असेल तर सांगावे, संबंधापूर्वी सांगावे. संदिग्ध असेल तर ‘एक चाचणी अर्धवट आहे, दुसरी अमुक तारखेला आहे’ इतके सांगितले तरी खोटे होत नाही. सासू-सासऱ्यांना, नणंदेला सांगण्याचे काहीच कारण नाही.

दिवस गेलेल्या भगिनींसाठी एक सूचना. जुनी लागण असलेल्या आईकडून बाळाला प्रसूतीत लागण होण्याचा धोका शेकडा एकाहून कमी असतो. खरा धोका प्रसूतीच्या सुमारास प्रथमच लागण झाली तर. म्हणून शेवटच्या महिन्यांत नवऱ्याच्या ओठावर किंवा अन्यत्र फोड असेल तर दूर राहावे आणि प्रसूतितज्ज्ञांना न लाजता सांगावे. कळा सुरू झाल्यावर जननेंद्रियांवर फोड असतील तर शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. आणि बारशाला ओठावर फोड घेऊन आलेल्या मावशी-आत्यांना बाळाची पापी घेऊ देऊ नका, त्या कितीही रागावोत.