‘मला बरं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे

आरोग्य-पाठ : उलटी-जुलाबाची साथ आणि सामुदायिक जेवण



हा पाठ महिला संघात, तरुण संघात किंवा वसतिगृहाच्या कर्मचारी सभेत मोठ्याने वाचून चर्चा करता यावी अशा बेताने लिहिला आहे. त्यासाठी तासाभराचा वेळ ठेवावा. शेवटी प्रश्न दिले आहेत.

विषय आहे जेवणातून पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या साथीचा. उदाहरणे मात्र अमेरिकेतील प्रवासी जहाजांची आणि उपाहारगृहांची घेतली आहेत. या साथींची तिथे मोजदाद झाली, चौकशी झाली आणि चूक नेमकी कुठे झाली ते कागदावर आले. आपल्याकडे लग्नाच्या किंवा मेळाव्याच्या जेवणानंतर पन्नास माणसे आजारी पडली, तर ‘जेवण बाधलं’ एवढे म्हणून विषय बहुधा संपतो. कोणाला बाधले, कशाने बाधले, पुढच्या वेळी काय करायचे, हे कोणी विचारत नाही. म्हणून ज्यांनी विचारले, त्यांच्याकडून शिकू या.

१. जहाजावर काय घडले

जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ नावाचे मोठे प्रवासी जहाज न्यू जर्सीच्या बंदरातून कॅरिबियन समुद्राच्या सहलीला निघाले. जहाजावर तीन हजारांवर प्रवासी आणि अकराशेवर कर्मचारी होते. थोड्याच दिवसांत एकामागून एक माणसे उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. अखेरचा आकडा सहाशेहून अधिक प्रवासी आणि पन्नासहून अधिक कर्मचारी इतका झाला. सहल ठरल्या दिवसाच्या आधीच आटोपून जहाज परत फिरले. तपासणीत कारण सापडले ते नोरोव्हायरस या विषाणूचे.

आपल्याला हे चित्र परके वाटायला नको. अशा जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि जेवणघरांत आपले कितीतरी तरुण राबतात. गोव्यातील पुष्कळ ख्रिस्ती घरांची चूल अशाच नोकरीवर पेटते. महिनोन्महिने घरापासून दूर राहून, हजारो ताटे वाढून ते घरी पैसे पाठवतात.

२. हा विषाणू इतका का पसरतो

१९६८ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नॉरवॉक गावात एका शाळेत उलट्यांची साथ आली. तिच्या नमुन्यांतून १९७२ साली हा विषाणू प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. नोरोव्हायरस हे नाव त्या गावावरूनच आले. त्याची पाच लक्षणे ध्यानात ठेवावीत.

पहिले : फार थोडा विषाणू पुरतो. शंभरापेक्षा कमी कणही माणसाला आजारी पाडू शकतात, आणि आजारी माणसाच्या विष्ठेतून असे अब्जावधी कण बाहेर पडतात. हाताला डोळ्यांना न दिसणारी घाण लागली तरी तेवढी पुरेशी असते.

दुसरे : लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरे वाटते.

तिसरे : बरे वाटले म्हणजे विषाणू गेला असे नाही. त्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक काळ तो विष्ठेतून बाहेर पडू शकतो.

चौथे : सॅनिटायझर त्याच्यावर नीट काम करत नाही. साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही. करोनाच्या काळात लागलेली सॅनिटायझरची सवय इथे आपल्याला फसवते.

पाचवे : चांगले उकळलेले अन्न त्याला मारते. धोका मोठा असतो तो शिजल्यानंतर हात लागणाऱ्या पदार्थांत. कोशिंबीर, चपाती, लाडू, कापलेली फळे आणि केक हे त्यातले. डाळ रटरटून उकळली, पण वाढणाऱ्याने शौचाहून आल्यावर हात धुतले नाहीत आणि चपात्या हाताने वाढल्या, तर त्या उकळण्याचा काय उपयोग?

३. जहाजाचे नाव होते, कारण तिथे मोजतात

बातम्या वाचून वाटते की हा जहाजांचाच रोग आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जेमतेम एक टक्का साथी जहाजांवरच्या असतात. शुश्रूषागृहे, उपाहारगृहे, शाळा या ठिकाणी त्या कितीतरी जास्त होतात. जहाजांचे नाव होते याचे एक मोठे कारण म्हणजे तिथे मोजण्याचा नियम आहे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा जहाज-स्वच्छतेचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे. परदेशी बंदरांना जाऊन अमेरिकेत येणाऱ्या प्रवासी जहाजांची अधिकारी आगाऊ न कळवता तपासणी करतात. शंभर गुणांपैकी ८५ किंवा कमी मिळाले तर जहाज नापास. निकाल सर्वांना पाहायला मिळतो. जहाजाच्या डॉक्टरांना उलटी-जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाची वहीत नोंद ठेवावी लागते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी तीन टक्के आजारी पडले की ती साथ म्हणून जाहीर होऊ शकते. सर्वांत महत्त्वाचा नियम असा : अन्न हाताळणारा कर्मचारी आजारी पडला, तर त्रास पूर्ण थांबल्यावरही किमान ४८ तास त्याने वेगळे राहायचे. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही.

वही, तपासणी, ४८ तास. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्या लागणार आहेत.

४. बॉस्टनचे उपाहारगृह

नियम कागदावर असून भागत नाही, हे दुसऱ्या उदाहरणावरून कळते. डिसेंबर २०१५ मध्ये बॉस्टन शहरातील ‘चिपोटले’ या साखळी उपाहारगृहाच्या एका शाखेतून साथ पसरली. १४१ जण आजारी पडले. पुढे अमेरिकेच्या न्याय विभागाने जे मांडले ते विचार करायला लावणारे आहे. तिथल्या एका शिकाऊ व्यवस्थापकाला कामावर असतानाच उलटी झाली होती. कंपनीचा स्वतःचाच नियम होता की अशा माणसाने घरी जावे. तरी त्याला काम चालू ठेवायला सांगण्यात आले. दोन दिवसांनी त्याच कर्मचाऱ्याने बॉस्टन कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी जेवण बांधून द्यायला हात लावला, आणि खेळाडू आजारी पडले. या आणि इतर ठिकाणच्या प्रकरणांबद्दल कंपनीने २०२० साली अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

हे एकट्या शाखेचे दुखणे नव्हते. रोग नियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये दाखवून दिले की, दूषित अन्नातून झालेल्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी सुमारे ७० टक्के साथींचे मूळ आजारी कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. आणि उपाहारगृहांतील पाचांपैकी एका कर्मचाऱ्याने कबूल केले होते की उलटी-जुलाब होत असताना आपण कामावर गेलो. कारणे काय? नोकरी जाईल ही भीती, आणि आपण नसलो तर सोबत्यांवर भार पडेल ही काळजी.

इथे थोडे थांबू या. ही दोन्ही कारणे वाईट माणसाची नाहीत. पोटासाठी धडपडणाऱ्या आणि सोबत्यांची फिकीर करणाऱ्या माणसाची ती कारणे आहेत.

५. स्वयंपाकीण मेरी

शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट हेच सांगते. मेरी मॅलन ही आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेली गरीब बाई, हाताला चव असलेली स्वयंपाकीण. १९०६ साली ती काम करत असलेल्या घरातील ११ माणसांपैकी ६ जणांना टायफॉइड झाला. हा रोग वेगळा, जिवाणूचा. पण तोही अस्वच्छ हातांतून अन्नात जातो. मेरीला स्वतःला काही त्रास नव्हता, तरी रोगाचे जंतू तिच्या शरीरात वस्तीला होते. १९०७ साली तिला एका बेटावर नेऊन वेगळे ठेवले. १९१० मध्ये ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ या अटीवर सोडले. ती कपडे धुण्याचे काम करू लागली, पण त्यात स्वयंपाकाइतका पैसा नव्हता. शेवटी नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ मध्ये ती राबत असलेल्या प्रसूतिगृहात २५ जणांना टायफॉइड झाला, दोघे दगावले. मग १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

मेरीची चूक लहान नव्हती. पण ‘चूल सोड’ असे सांगणाऱ्यांनी तिच्या पोटाची पुरेशी सोय लावली नाही, हेही तितकेच खरे.

६. आपले स्वयंपाकघर

हे लिहिताना मला काही वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवते. आदिवासी मुलामुलींच्या एका वसतिगृहात गेलो होतो. स्वयंपाक करणाऱ्या मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. विचारले तर म्हणाल्या, “काही नाही दादा, रात्री जरा पोट बिघडलं.” आणि उठून पोळ्या लाटू लागल्या. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी तेरा मुले आजारी पडली. एका लहानग्याला सलाईन लावावे लागले, आणि ती रात्र मी त्याच्या खाटेशेजारी बसून काढली. साथ त्यांच्याच हातून पसरली की पाण्यातून, हे आम्ही तपासलेच नाही. नंतर कळले की मावशींना रोजावर पैसे मिळत. खाडा केला की त्या दिवसाचे पैसे कापले जात. त्यांच्याही घरी तीन लेकरे होती. त्या सकाळी मला दिसत होते, तरी मी गप्प राहिलो. तो दोष मी त्यांच्यावर टाकू शकत नाही.

आपल्या देशातील अन्नसुरक्षेचे नियमही सांगतात की संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला अन्न हाताळू देऊ नये. पण ‘मला बरं नाही’ असे म्हणणाऱ्याची मजुरी बुडणार असेल, तर तो ते कशाला म्हणेल?

७. काय करावे

• उलटी किंवा जुलाब झालेल्याने स्वयंपाक, वाढप आणि भांडी यांपासून दूर राहावे. त्रास थांबल्यावर आणखी ४८ तास थांबावे. मेळाव्यातील स्वयंसेवकांनाही हाच नियम.

• त्या दिवसांची मजुरी पूर्ण द्यावी. बदली कोण येणार, हे आधीच ठरवून ठेवावे.

• स्वयंपाकघराजवळ आणि शौचालयाजवळ साबण व वाहते पाणी असावे. नळ नसेल तर तोटीची बादली चालते. शौचाहून आल्यावर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी किमान २० सेकंद हात चोळून धुवावेत.

• पिण्याच्या पाण्याच्या पिंपात ग्लास बुडवू नये. तोटी किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. चपाती, कोशिंबीर, लाडू चिमट्याने किंवा पळीने वाढावेत.

• कोठे उलटी झाली तर आधी हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकून ती पुसून घ्यावी. नंतर साधारण ५ टक्के क्लोरीनचे द्रव ब्लीच एका लिटर पाण्यात १०० मिलीपर्यंत मिसळून ती जागा ओली करावी, पाच मिनिटे ठेवावी, मग धुवावी. दाराच्या कड्या, नळ अशा जागांना लिटरला २० मिली पुरते. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरे काही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

• वसतिगृहात एक साधी वही ठेवावी : तारीख, नाव, त्रास, आदल्या दोन दिवसांत काय खाल्ले. एकाच दिवशी दोन-तीन नावे आली तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

• आजाऱ्याला ओआरएस द्यावे. एका लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घालून घोट-घोट पाजावे. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा शौचातून रक्त आले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. लहान मुलांचे पाणी फार लवकर आटते.

८. मदत करणाऱ्यांना एक विनंती

आपल्यापैकी अनेक जण वाढदिवसाला किंवा आप्तांच्या स्मरणार्थ वसतिगृहातील मुलांना एका दिवसाचे जेवण देतात. ही देणगी मोलाची आहे. पुढच्या वेळी तिच्यात थोडी भर घालून ‘ही स्वयंपाकीण मावशींच्या आजारपणाच्या रजेसाठी’ असे चिठ्ठीवर लिहा. एक दिवसाची मजुरी फार मोठी रक्कम नसते. ती मिळणार असे ठाऊक असेल, तर एखादी मावशी सकाळी निरोप पाठवील, “आज मला बरं नाही, मी येत नाही.” त्या दिवशी पोळ्या कदाचित वाकड्या होतील, पण मुले बरी राहतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या मागच्या मोठ्या जेवणात वाढणारे हात कोठे धुत होते? साबण होता का?

२. जहाजावरील तीन गोष्टींपैकी, म्हणजे वही, तपासणी आणि ४८ तास यांपैकी, आपल्याकडे कोणती आहे? कोणती या महिन्यात सुरू करता येईल?

३. बॉस्टनच्या त्या कर्मचाऱ्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते? आणि त्याच्या वरिष्ठाच्या जागी असतो तर?

४. आपल्या संस्थेत किंवा घरी काम करणाऱ्या व्यक्तीला आजारपणात पगारी सुट्टी मिळते का? मिळत नसेल तर ती कोणी आणि केव्हा सुरू करायची?